कप खाली ठेवायचा नसतो

कुवेतमध्ये धुळीचं वादळ येऊन गेलं की माझी आई खिडक्यांच्या फटींत कोंबलेले ओले टॉवेल काढायची आणि म्हणायची, या वेळी काही आत आलं नाही. मग चार दिवसांनी फ्रिजच्या वर, देवांच्या मागे, कपाटातल्या घडीच्या साड्यांमध्ये, सगळीकडे बारीक पिवळी धूळ सापडायची. कुठून शिरली ते कुणी पाहिलेलं नसायचं. आमच्या मंडळातले किस्से अगदी तसे आहेत. कुणी मुद्दाम जमवलेले नाहीत, आपोआप साचलेत. आज त्यातले थोडे झटकते.

आधी मंडळ कुठलं ते सांगते. रेडमंड आणि बेलव्ह्यू मिळून मराठी मंडळं पुष्कळ. गणपतीचं आहे, ढोल-ताशाचं आहे, ट्रेकिंगचं आहे, आणि या तिन्हींतून भांडून बाहेर पडलेल्यांचं एक आहे. आमचं सगळ्यात छोटं. प्रवेशाची अट एकच, आयुष्याचा एखादा तुकडा तरी कुवेतमध्ये गेलेला हवा. त्यामुळे आम्ही मोजकेच. सबनीस काका, समुद्राचं खारं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर उभी हयात नोकरी केलेले. त्यांचा मुलगा अमेय, इथे सॉफ्टवेअरमध्ये. फणसे मावशी, तिथल्या सरकारी हॉस्पिटलमध्ये नर्स होत्या. मी जन्मले तेव्हा रडत नव्हते म्हणून पहिली चापट त्यांनीच मारली, आणि तो हक्क त्यांनी अजून सोडलेला नाही. चौथी मी, मंजिरी. माझा नवरा राहुल नागपूरचा. तो अटीत बसत नाही, पण मला फ्रीवेवर ड्राइव्ह करायचा कंटाळा, म्हणून त्याला येऊ देतो.

* * *

आम्ही भेटतो शुक्रवारी संध्याकाळी, अमेयच्या घरी. शुक्रवारच का, असं सगळे विचारतात. कारण तिकडे सुट्टी शुक्रवारची. रविवार हा कामाचा वार. शाळा, ऑफिस, बँक, सगळं रविवारी सकाळी सुरू.

काका रिटायर होऊन रेडमंडला आले तो पहिलाच रविवार. पहाटे उठून दाढी-आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते अमेयच्या बेडरूमच्या दारात उभे. आत पोरगा घोरतोय.

"अमेय, ऊठ. ऑफिसला जायचं नाही का?"

"बाबा, आज रविवार आहे."

"म्हणून तर उठवतोय."

* * *

त्याच वर्षीचा उन्हाळा. पण हा किस्सा कळायला आधी कुवेतची आंघोळ कळली पाहिजे.

तिकडे पाण्याची टाकी गच्चीवर. मे महिना लागला की गार पाण्याच्या नळाला चहा टाकावा इतकं गरम पाणी येतं. मग लोक काय करतात, बाथरूममधला गीझर बंद करून टाकतात. घरात एसी असतो, त्यामुळे गीझरमध्ये साठलेलं पाणी बसल्या बसल्या गार होतं. म्हणजे उन्हाळाभर गरम पाण्याच्या नळातून गार पाणी आणि गारच्या नळातून गरम. आम्हा पोरांना यात काही विचित्र वाटायचं नाही. सुट्टीत पुण्याला गेलो की उलट तिथले नळ बिघडलेत असं वाटायचं.

तर रेडमंडला जूनमध्ये पहिल्यांदा नीट ऊन पडलं. काकांनी स्वेटर काढला, "उन्हाळा लागला" असं जाहीर केलं, आणि गॅरेजमध्ये जाऊन वॉटर हीटर बंद केला. कुणाला सांगितलं नाही. हे काय सांगायचं असतं का! दुसऱ्या दिवशी सकाळी अमेय शॉवरखाली जे ओरडला ते शेजारच्या घरात ऐकू गेलं. इथलं पाणी डोंगरातल्या बर्फाचं, उन्हाळ्यातही हाडं गोठवणारं. प्लंबर बोलावला. तो दाढीवाला गोरा माणूस गॅरेजमध्ये बराच वेळ हीटर वरखाली बघत बसला, शेवटी त्याला बंद केलेला खटका दिसला. काकांनी त्याला अभिमानानं सगळी पद्धत समजावून सांगितली, टाकी, गच्ची, एसी, सगळं. त्यानं मान डोलवत ऐकून घेतलं.

"सर, तुमचं काही चुकलेलं नाही," तो म्हणाला. "फक्त देश चुकलाय."

हा किस्सा झाला की राहुल दर वेळी म्हणतो, आमच्या नागपूरलाही उन्हाळ्यात नळाला गरमच पाणी येतं. नागपूरच्या माणसासमोर दुसऱ्या गावच्या उन्हाचं कौतुक करू नये. तो लगेच आजारी माणसाची बरोबरी केल्यासारखा आपला ताप सांगायला लागतो.

* * *

पावसाचाही एक आहे, छोटासा. कुवेतमध्ये वर्षातून थोडाच पाऊस. पडला की लोक थर्मासमध्ये चहा भरून, घरदार गाडीत घालून तो बघायला वाळवंटात निघतात. सप्टेंबरच्या शेवटी रेडमंडला पहिली झिमझिम आली तशी काकांनी आम्हा सगळ्यांना फोन केले. पाऊस पडतोय, तळ्याकाठी या, तुमची काकू भजी करतेय. आम्ही गेलोसुद्धा. पार्कमध्ये जॉगिंग करणारे लोक आमच्याकडे बघत होते. दुसऱ्या आठवड्यातही गेलो.

नोव्हेंबर अर्धा सरला तेव्हा काका खिडकीशी उभे राहून बाहेर बघत होते. म्हणाले, "याला कुणी बंद करत नाही का?"

* * *

फणसे मावशींच्या कुकरचा किस्सा मात्र हसत हसत सांगता येत नाही, आणि हसल्याशिवायही सांगता येत नाही.

इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं तेव्हा मी सहा वर्षांची होते, अमेय आठ. काही दिवसांनी आम्ही हजारो लोक बसमधून निघालो. आधी बगदाद, मग वाळवंटातून जॉर्डनच्या सीमेकडे, आणि तिथे मधल्याच ओसाड पट्ट्यात तंबू टाकून थांबलो, कधी विमान मिळेल याची वाट बघत. निघताना प्रत्येकानं हाताला लागेल ते उचललेलं. माझ्या बाबांनी टू-इन-वन रेडिओ घेतला होता, बॅटरीशिवाय. फणसे मावशींनी प्रेशर कुकर घेतला.

लोक त्यांना हसले. पण तंबूत कुणीतरी रेशनची तूरडाळ आणून दिली, मावशींनी तीन दगड मांडले, खोक्यांच्या फळ्या पेटवल्या आणि कुकर चढवला. थोड्या वेळानं शिट्टी झाली. तोफगोळे ऐकून आलेली माणसं ती! आसपासचे शे-दोनशे लोक एका क्षणात वाळूत पालथे पडले. उभ्या फक्त मावशी, हातात डाव.

"डाळ आहे," त्या म्हणाल्या. "उठा."

एवढा किस्सा मावशी सांगतात. पुढचं मी सांगते, कारण मी अमेयच्या शेजारीच होते. सगळे आडवे पडले, अमेय पडला नाही. तो रस्त्याकडे धावत सुटला. आवाज झाला म्हणजे नवी बस आली असं त्याला वाटलं. काका आमच्या बसमध्ये नव्हते. पाण्याच्या प्लांटवरच्या माणसांना सैन्य सोडत नव्हतं, पाणी बंद पडलं असतं. काकूंनी अमेयला सांगून ठेवलं होतं, बाबा मागच्या बसनं येतायत. त्यामुळे तो येणाऱ्या प्रत्येक बसकडे धावायचा, सगळी माणसं उतरून होईपर्यंत दाराशी उभा राहायचा, आणि परत यायचा.

काका जळगावला, काकूंच्या माहेरी, पोचले थेट हिवाळ्यात. पुढे काका-काकू पुन्हा कुवेतला गेले, अमेयला मात्र शाळेसाठी मामाकडे ठेवलं. तो त्या देशात नंतर एकदाही गेला नाही. आजही त्याच्या घरात शिट्टीचा कुकर नाही. इलेक्ट्रिक आहे, गुपचूप शिजवणारा.

* * *

आता कॉफीचा. हा काकांचा स्वतःचा, लग्नानंतर नवीनच कुवेतला गेले तेव्हाचा.

काकांचे घरमालक अबू नासर. त्यांचे वडील गलबतातून मुंबईला खजूर घेऊन जायचे, त्यामुळे अबू नासर तोडकंमोडकं हिंदी बोलायचे. त्यांच्या घराच्या पुढच्या भागात दिवाणिया होता. म्हणजे आपला कट्टाच, पण गालिचा घातलेला. रोज संध्याकाळी ओळखीपाळखीचे पुरुष येऊन भिंतीला टेकून बसतात, गप्पा मारतात. एक माणूस किटली घेऊन फिरतो आणि बिनकानाच्या इवल्याशा कपात वेलदोड्याची कडू कॉफी ओततो. बिनदुधाची, बिनसाखरेची.

पहिल्या दिवशी काका प्यायले. त्यानं परत ओतली. नको म्हणणं बरं दिसत नाही म्हणून तीही प्यायले. त्यानं परत ओतली. काका पितायत, तो ओततोय. तिथली रीत अशी की पुरे झालं की रिकामा कप हातात धरून हलवायचा. कप हलवला नाही याचा अर्थ अजून हवी. हे काकांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. ते घरी आले ते छाती धडधडत, आणि काकूंना वाटलं यांना काहीतरी झालंय.

पुढच्या खेपेला काका सावध. कॉफी घ्यायचीच नाही, म्हणजे प्रश्न मिटला. त्यांनी हातातला भरलेला कप तोंडाला न लावता अलगद समोर गालिच्यावर ठेवला.

सगळा दिवाणिया गप्प झाला. बोलणारे बोलायचे थांबले, किटलीवाला होता तिथे उभा राहिला. काकांना कळेना काय झालं. शेजारी बसलेल्या एका केरळी कारकुनानं त्यांच्या कानात सांगितलं, अहो, कप असा खाली ठेवला म्हणजे तुम्हाला यजमानाकडे काहीतरी मोठं मागायचंय. ते हो म्हणेपर्यंत तुम्ही पिणार नाही. आणि तुम्ही न पिता उठून गेलात तर त्यांची अब्रू गेली.

काकांना तर मागायचं काहीच नव्हतं. अबू नासर गंभीर होऊन पुढे झुकले. म्हणाले, "बोलो."

काकू जळगावच्या. माहेरून येताना मेहरूणची बोरं आणलेली, खाऊन बिया धुऊन ठेवलेल्या, आणि आठवडाभर काकांच्या मागे भुणभुण लावलेली की मालकांना अंगणात एक बी लावू का विचारा. काका लाजून विचारत नव्हते. त्या क्षणी दुसरं काही सुचेना. म्हणाले, माझ्या बायकोला अंगणात बोरीचं झाड लावायचंय.

मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. कुणाला वाटलं होतं हा भावाला नोकरी मागेल, कुणाला वाटलं होतं जामीन राहा म्हणेल. अबू नासर एवढे हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "अब्शिर." म्हणजे, झालंच समज. "अब पियो."

काका प्यायले. घरी येऊन सांगितलं तर काकू कपाळाला हात लावून बसल्या. एवढ्या मोठ्या माणसाला शब्दात पकडलंत आणि मागितलं काय, तर बोरीला जागा! पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बी लावली ती त्यांनीच.

* * *

त्या झाडाला काकू एसीचं पाणी घालायच्या. खिडकीतल्या एसीखाली बादली ठेवायची, दिवसभर ठिबकलेलं पाणी संध्याकाळी झाडाला. बोर तिकडेही होते, ते लोक तिला कनार म्हणतात, पण जळगावचं वाण तिथे ते पहिलंच असावं. अमेय चालायला लागला तो तिच्या आळ्याच्या विटा धरून. काकू म्हणायच्या, ही माझी थोरली.

लढाई संपून काका परत गेले तेव्हा तेलाच्या विहिरी जळत होत्या. दुपारी बारा वाजता गाड्यांचे दिवे लावायला लागायचे. बोर काळी ठिक्कर पडलेली, पण जिवंत होती. सात महिने ना लाइटचा भरवसा ना पाण्याचा, आणि ही जिवंत कशी? काकांनी विचारलं तेव्हा अबू नासरांनी हात झटकले. "घरातली माणसं आंघोळीवाचून राहतात. झाड राहत नाही." मागून काकूही कुवेतला गेल्या. त्यांनी फडकं ओलं करून एकेक पान पुसलं. दोन दिवस लागले, असं त्या सांगायच्या.

रेडमंडला आल्यावर काकूंनी कुंडीत बोर लावून बघितली. तिला हीटरपाशी ठेवलं, दिवा लावला, तिच्याशी बोलल्या. ती वीतभर झाली आणि गेली. काकू म्हणाल्या, हिला लाड नकोत, ऊन हवंय. मागच्या हिवाळ्यात काकूही गेल्या. आम्ही सगळे तिथेच होतो, मावशींनी शेवटपर्यंत नाडी धरलेली होती. त्यानंतर चार शुक्रवार कुणीच किस्सा सांगितला नाही.

* * *

हा शेवटचा, अगदी परवाच्या शुक्रवारचा.

अबू नासर आता नाहीत. त्यांच्या मुलाचा, नासरचा, काकांना फोन आला. जुनं घर पाडून तिथे टॉवर होणार. उन्हाळा लागायच्या आत अंगण खणतील. त्यानं एवढंच सांगितलं की काका, झाड बोरांनी भरलंय, काकूंचं आहे, तोडायच्या आधी तुम्ही एकदा या.

काकांना जायचं होतं. अमेय नाही म्हणाला. हृदयात स्टेंट आहे, एवढा लांबचा प्रवास, तिथे एकटं राहणार कुठे, काही झालं तर कोण बघणार. नासरला व्हिडिओ पाठवायला सांगू म्हणाला. काका वाद घालत नाहीत. एकदा विचारलं, दोनदा विचारलं, मग बोलायचेच थांबले. जेवायचे, फिरायला जायचे, विचारलं की ठीक आहे म्हणायचे. मला अमेयचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. मागच्या महिन्यात पार्किंगमध्ये त्याला धरून मी चांगलं सुनावलं. म्हटलं, माणूस झिजतोय तुझ्या डोळ्यांसमोर, जाऊ दे ना यार त्यांना.

तो गाडीच्या दाराला टेकून उभा राहिला. म्हणाला, "मंजू, त्यांना तिथे एकटं सोडून आलोय मी एकदा. परत नाही सोडणार."

मी तशीच गाडीत बसले.

तर परवा आम्ही नेहमीसारखे जमलो. बाहेर पाऊस. मावशींनी चिवडा आणलेला. राहुल नागपूरच्या उन्हावर होता. काका कोचावर न बसता खाली गालिच्यावर बसले होते, भिंतीला टेकून. गुडघे दुखतात तरी. अमेयनं ट्रेमधून चहा आणला. पहिला कप काकांना दिला.

काकांनी तो घेतला, त्याकडे बघितलं, आणि तोंडाला न लावता अलगद समोर गालिच्यावर ठेवला.

मावशींचा हात चिवड्यात थांबला. मी अमेयकडे बघितलं. त्यालाही दिसलं होतं. त्याच दिवाणियात वडिलांच्या मांडीवर बसून तो वाढला होता, त्याला कुणी कानात सांगायची गरज नव्हती.

"काका, चहा गार होतोय," राहुल म्हणाला. मावशींनी त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं की तो मागे सरकून बसला.

अमेय ट्रे घेऊन तसाच उभा. काका त्याच्याकडे बघत नव्हते, कपाकडे बघत होते. चहावर साय धरायला लागली. मला वाटलं हा आता आत निघून जाणार. पण त्यानं ट्रे टेबलावर ठेवला, आपला कप उचलला आणि येऊन काकांच्या समोर मांडी घालून बसला. मग त्यानंही तो कप न पिता खाली ठेवला. काकांच्या कपाला लागून.

असं आम्ही कधी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. आता यजमान कोण आणि मागणारा कोण? घर अमेयचं, पण बाप काका. मावशींनी साठ वर्षांत सगळं बघितलंय, त्यासुद्धा एकदा या कपाकडे, एकदा त्या कपाकडे बघत होत्या.

शेवटी काकाच म्हणाले, "बोल."

अमेयनं मान वर केली.

"मला बरोबर न्या."

काका त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात छातीवर ठेवला.

"अब्शिर."

अमेयनं काकांचा कप उचलून त्यांच्या हातात दिला. काकांनी तो थंडगार चहा सायीसकट एका दमात संपवला, आणि रिकामा कप तसाच अमेयच्या पुढे धरला. हलवला नाही.